‘कूजो’मधल्या कंटिन्युइटीच्या चुका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिसाळलेल्या सेंट बर्नार्ड कुत्र्याचा ‘कूजो’ (१९८३) आजही कुणी ना कुणी रात्री एकट्याने बघतो आणि सकाळी प्रश्न पाठवतो. बरेचसे प्रश्न ‘इथे चूक आहे ना?’ याच सुराचे असतात. तेच ते पुन्हा येत राहिल्यामुळे ते इथे एकत्र केले आहेत. चित्रपट पाहिला नसेल, तर प्रश्न १३ ते १५ नंतर वाचा. त्यांत शेवट उघड केला आहे.

१. कंटिन्युइटीची चूक नेमकी कशाला म्हणायचं?

कथेत एखादी गोष्ट सलग चाललेली असते, पण पडद्यावर एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना ती विनाकारण बदलते. ती कंटिन्युइटीची चूक. कुत्रा चिखलाने माखलेला गाल घेऊन गाडीवर झेप घेतो, कट होतो, आणि पुढच्याच क्षणी तो गाल कोरडा असतो. मधल्या वेळात कुणी त्याला पुसलं असण्याची शक्यता नाही, म्हणून ती चूक.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या या व्याख्येत बसतच नाहीत. रेबीज असा होत नाही, ही तथ्याची तक्रार झाली (प्रश्न ११). दोन दिवस तिथे कुणी कसं फिरकलं नाही, ही कथानकाची (प्रश्न १२). पुस्तकात वेगळं आहे, ही तर चूकच नव्हे (प्रश्न १४). हे चार खण वेगळे ठेवले, तर या चित्रपटाबद्दलचे बरेच वाद आपोआप मिटतात.

२. कथा थोडक्यात सांगाल का? कोण कोण आहे यात?

अमेरिकेच्या मेन राज्यातलं कॅसल रॉक हे काल्पनिक गाव. गॅरेज चालवणाऱ्या कॅम्बर कुटुंबाचा कूजो हा गरीब स्वभावाचा, अवाढव्य कुत्रा. सशामागे धावताना तो एका बिळात तोंड घालतो आणि वटवाघूळ त्याच्या नाकाला चावतं. पुढे डोना ट्रेंटन आपल्या लहान मुलाला, टॅडला, घेऊन बिघडलेली फोर्ड पिंटो दुरुस्त करायला कॅम्बरच्या अंगणात येते. गाडी तिथेच बंद पडते, आणि तोवर कूजो पिसाळून दोन माणसं मारून बसलेला असतो. उरलेला चित्रपट म्हणजे ती बंद गाडी, आतले मायलेक आणि बाहेरचा कुत्रा.

मूळ कादंबरी स्टीफन किंगची, १९८१ सालची. दिग्दर्शन लुईस टीग, छायालेखन यान द बाँट, संकलन नील ट्रॅव्हिस, संगीत चार्ल्स बर्नस्टीन. डोना झाली आहे डी वॉलेस, टॅड झाला आहे डॅनी पिंटॉरो. पुढच्या उत्तरांमध्ये ही नावं पुन्हा येतील.

३. कूजो प्रत्येक दृश्यात वेगळाच कुत्रा वाटतो. मला भास होतोय का?

भास नाही. तो वेगळाच कुत्रा आहे, आणि कधीकधी तर कुत्राच नाही.

कार्ल लुईस मिलर या प्रशिक्षकाच्या हाताखाली अनेक सेंट बर्नार्ड होते. सिनेमासाठी शिकवलेला एकच कुत्रा सगळं करत नाही. एक धावण्यात चांगला, दुसरा गुरगुरल्यासारखा चेहरा करण्यात, तिसरा एका जागी शांत उभा राहण्यात. त्यामुळे कामं वाटलेली असतात. त्याशिवाय गाडीच्या दारावर डोकं आपटण्यासारख्या कामांना यांत्रिक डोकं होतं. लॅब्राडॉर आणि ग्रेट डेन यांच्या मिश्र जातीच्या एका कुत्र्याला सेंट बर्नार्डचं सोंग चढवलं होतं. काही शॉट्समध्ये गॅरी मॉर्गन हा स्टंटमन कुत्र्याचा पोशाख घालून वावरला आहे.

आता अडचण अशी की सेंट बर्नार्डच्या अंगावरचे तांबूस आणि पांढरे पट्टे प्रत्येकाचे निराळे असतात. कपाळावरची पांढरी रेघ एकाची रुंद, दुसऱ्याची अरुंद. डोळ्याभोवतीचा गडद भाग एकाचा कानापर्यंत पोचलेला, दुसऱ्याचा मध्येच संपलेला. रंग लावून ते जुळवता येतात, पण ओल्या, चिखलाने बरबटलेल्या, सतत अंग झटकणाऱ्या जनावरावर रंग किती टिकणार? कूजो सुरुवातीला स्वच्छ असताना हा फरक जास्त जाणवतो. गंमत अशी की आजार वाढला, अंगावर रक्त, चिखल आणि लाळ साचली, की सगळे कुत्रे एकसारखे दिसायला लागतात. रंगभूषेची घाण इथे भीतीइतकीच लपवाछपवीच्याही कामी आली आहे.

४. तोंडावरचा फेस कधी भरपूर, कधी अजिबात नाही. एवढीशी गोष्ट सांभाळता येत नव्हती?

फेस अंड्यातला पांढरा भाग आणि साखर यांचा होता. कुत्र्यांना तो आवडायचा आणि ती तो चाटून टाकायची. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

एकाच प्रसंगाचे पाच-सहा टेक झाले, तर पहिल्यात फेस दाट, चौथ्यात निम्मा, सहाव्यात परत नव्याने लावलेला. संकलक त्यातून कुत्र्याची नजर जिथे सर्वांत भयंकर आहे तो तुकडा उचलतो. फेस जुळतोय का हे तो नंतर बघतो, कधी बघूनही सोडून देतो. या चित्रपटातली ही सर्वांत जास्त वेळा कळवली जाणारी चूक आहे, आणि माझ्या मते सर्वांत क्षम्यही. लाळ ही तशीही गळणारी, पुसली जाणारी गोष्ट. पाहणाऱ्याचं मन तिचा हिशेब ठेवत नाही.

५. हल्ला करताना कुत्र्याची शेपटी हलते असं ऐकलं. खरं आहे का?

कुत्र्यांसाठी हा खेळ होता, हे खरं. त्यांना गाडीकडे झेपावायला लावण्यासाठी आत त्यांची खेळणी ठेवलेली असायची. खेळणं मिळणार म्हटल्यावर शेपटी हलणारच. म्हणून ती बांधून ठेवावी लागायची. पडद्यावर कूजोची शेपटी खाली पडलेली, निश्चल दिसते त्याचं कारण ते.

एखाद्या शॉटमध्ये ती हललेली दिसलीच, तरी तिला कंटिन्युइटीची चूक म्हणू नका. ती अभिनयाची चूक आहे, आणि नटाला पटकथा वाचायला दिलेली नव्हती. तसंही शेपटी हलणं म्हणजे प्रेमच असं नाही. चिडलेला, ताणलेला कुत्राही ताठ शेपटी हलवतो. ज्याने गल्लीतली भांडणं पाहिली आहेत त्याला हे सांगायला नको.

६. गाडीतल्या दृश्यांत ऊन आणि सावल्या सारख्या बदलतात. दुपार आहे की संध्याकाळ तेच कळत नाही.

हा खरा आणि मोठा प्रश्न आहे. कंटिन्युइटीची चूक हे शब्द वापरायचेच असतील तर इथे वापरावेत.

कथेत हा वेढा फार थोडा काळ चालतो. चित्रीकरण मात्र आठवडेच्या आठवडे चालतं, आणि सगळं उघड्यावर, एका अंगणात. सकाळी नऊ वाजता घेतलेला डोनाचा क्लोजअप, दुपारी तीनचा कुत्र्याचा शॉट आणि चार दिवसांनी ढगाळ हवेत घेतलेला टॅडचा चेहरा हे तिन्ही तुकडे कथेत एकाच मिनिटात बसवायचे असतात. गाडीच्या बॉनेटवरची सावली हे लपवू देत नाही. ती घड्याळच असते.

त्यात जागा आणि ऋतू दोन्ही खोटे. कथा मेनमधली, चित्रीकरण उत्तर कॅलिफोर्नियात, पेटालूमा आणि मेंडोसिनोच्या परिसरात. कथेत अंग भाजणारा उन्हाळा, पण कॅमेरा चालू होता तो थंड हवेत. याचा उजेडावर होणारा परिणाम आकड्यांत बघा. मेन साधारण ४४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनअखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळपास ६९ अंश वर असतो, म्हणजे सावल्या पायाशी गोळा झालेल्या. पेटालूमा ३८ अंशांवर, म्हणजे दक्षिणेकडे आहे. पण उन्हाळा सरला की तिथलाही सूर्य उतरतो. ऑक्टोबरच्या मध्यात भर दुपारी तो जेमतेम ४४ अंशांपर्यंत चढतो. सावल्या लांबतात, ऊन पिवळसर होतं, आणि ‘दुपार’ म्हणून घेतलेलं दृश्य तिसऱ्या प्रहराचं वाटायला लागतं. तुम्हाला वेळेचा गोंधळ वाटतो तो बराचसा यामुळे.

यान द बाँटने यावर एक शहाणपणाचा उपाय केलेला दिसतो. तो कॅमेरा बऱ्याचदा गाडीच्या आत किंवा काचेला चिकटून ठेवतो. आकाश आणि जमीन चौकटीत आलीच नाहीत, तर सावलीचा पुरावाही येत नाही. कोंडल्यासारखं वाटतं ते वेगळंच. तरीही अंगणाचे रुंद शॉट अधूनमधून लागतातच, आणि चूक तिथे पकडली जाते.

७. डोंगर आणि झाडं मेनसारखी वाटत नाहीत. ही कंटिन्युइटीची चूक का?

नाही. ही जागेची उसनवारी. सगळा चित्रपट एकाच प्रकारच्या प्रदेशात घेतला असेल, तर सलगता बिघडत नाही. फक्त मेनचा माणूस हसतो. मेंडोसिनोने मेन राज्याचं सोंग नंतरही घेतलं. ‘मर्डर, शी रोट’ या मालिकेतलं कॅबट कोव्ह हे मेनमधलं गाव म्हणजे पडद्यावरचं मेंडोसिनोच. कोल्हापूर-साताऱ्याकडची गावं हिंदी सिनेमात उत्तर प्रदेश-बिहार म्हणून खपताना आपणही पाहिली आहेत, तेव्हा आपण फार बोलू नये.

८. एवढ्याशा पिंटोत कॅमेरा सगळीकडून कसा फिरतो? एका शॉटमध्ये तर तो मायलेकांभोवती गरगर फिरतो.

तो गरगर फिरणारा शॉट या चित्रपटातला सर्वांत गाजलेला. डोना आणि टॅड दोघंही धीर सोडतात, आणि कॅमेरा गाडीच्या मधोमध उभा राहून वेग वाढवत फिरत जातो. असं काही अखंड गाडीत करता येत नाही. छप्पर, दार, आसनाची पाठ असे भाग काढता येणारी गाडी लागते, आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागे जे येईल ते तेवढ्यापुरतं बाजूला करतात.

त्यातून गाडीच्या आतल्या अंतराच्या चुका उगवतात. एका शॉटमध्ये टॅडचं आसन आईला खेटून, दुसऱ्यात हातभर लांब. आरसा, मागच्या सीटवरचं सामान, उघडी किंवा बंद खिडकी, सगळं दर वेळी परत मांडावं लागतं. डोनाच्या बाजूची काच किती इंच खाली आहे एवढी एकच गोष्ट ठरवून पूर्ण चित्रपट बघा. मजा येईल. बाकी सगळ्यावर लक्ष ठेवायला गेलात तर काहीच सापडणार नाही.

काचांचं एक तांत्रिक अंगही आहे. मोटारीची समोरची काच दोन थरांमध्ये पातळ पडदा घालून केलेली असते, म्हणून ती फुटली तरी जाळं पडून जागेवर राहते. बाजूच्या आणि मागच्या काचा तापवून कडक केलेल्या असतात. त्या फुटल्या की त्यांचे एकदम बारीक दाणे होतात. बाजूच्या काचेवर छान कोळ्याचं जाळं पडलेलं दिसलं, तर ती तथ्याची चूक. तेच जाळं पुढच्या शॉटमध्ये लहान झालं, तर कंटिन्युइटीची.

९. डोना डाव्या बाजूला बसून गाडी चालवते. शॉट उलटा छापलाय का?

नाही हो. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडेच असतं.

पण शॉट उलटा छापणं ही खरी युक्ती आहे. पात्राची नजर चुकीच्या दिशेला जात असेल, तर संकलक चित्र डावं-उजवं फिरवून घेतो. ते ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. एक, नंबरप्लेट किंवा कोणतीही अक्षरं. दुसरी, खुद्द सेंट बर्नार्डचं तोंड. त्याच्या दोन्ही गालांवरचे पट्टे सारखे नसतात, त्यामुळे उलटा शॉट आला की डावा गाल उजवा होतो. मात्र घाई करू नका. तो बदल उलट्या शॉटमुळे आहे की कुत्राच बदलल्यामुळे (प्रश्न ३), हे ठरवायला आसपासची दुसरी खूण हवी.

१०. टॅड एका क्षणी घामाने निथळतो, पुढे त्याचं कपाळ कोरडं. ही तर उघड चूक ना?

इथे जरा थांबा. सेटवरचा घाम म्हणजे फवारलेलं पाणी आणि ग्लिसरीन, आणि थंड हवेत तो वारंवार मारावा लागतो. म्हणजे चुकीला जागा भरपूर आहे. लागोपाठच्या दोन शॉट्समध्ये घाम ये-जा करत असेल तर ती चूकच.

पण कथा पुढे सरकत जाईल तसा मुलाचा घाम आटत गेला, तर ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. बंद गाडीतला उष्माघात आणि पाण्याचा अभाव या अवस्थेत एका टप्प्यानंतर त्वचा गरम आणि कोरडी पडते. कोरडं कपाळ तिथे घामापेक्षा जास्त भीतीदायक. याच नियमाने डोनाच्या जखमेवरचं रक्त लालभडक न राहता तपकिरी होत गेलं तर ते जपलेलं आहे, चुकलेलं नाही. परत लाल झालं, आणि मधे नवा हल्लाही झालेला नसेल, तर नोंद करा.

११. वटवाघूळ चावलं आणि लगेच कुत्रा पिसाळला? रेबीजला इतका कमी वेळ लागतो?

कुत्र्यात विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सहसा काही आठवडे ते काही महिने जातात. एकदा लक्षणं दिसली की मात्र जनावर साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. चित्रपट मधल्या दिवसांची मोजदाद दाखवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर नाही, तारीख नाही. त्यामुळे ‘लगेच’ हे आपल्याला वाटतं, चित्रपट तसं सांगत नाही. ही चूक म्हणता येणार नाही, फार तर घाई म्हणा.

बाकी आजाराचे तपशील बरेच नीट आहेत. फेस येतो तो घशाचे स्नायू लुळे पडून लाळ गिळता येत नाही म्हणून. आवाज आणि उजेड सहन न होणं हेही खरं. घरातला फोन वाजायला लागल्यावर कूजो बेभान होऊन गाडीवर धडका देतो, तो प्रसंग यावरच बेतलेला आहे. खटकतो तो त्याचा चिवटपणा. पिसाळलेल्या कुत्र्याचे झटके, तोल जाणं आणि शेवटी लुळेपणा यांतून जाणारं जनावर इतक्या मुद्देसूदपणे पहारा देत नाही.

या प्रश्नाच्या जोडीला नेहमी विचारलं जातं म्हणून: खऱ्या आयुष्यात कुत्रा चावला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती मनात असेल तर ती काढून टाका. ती लस आपल्याकडे केव्हाच बंद झाली.

१२. इतक्या वेळात त्या घराकडे कुणीच कसं येत नाही? पोस्टमन तरी?

कथानकातल्या भोकाचा हा आरोप सर्वांत जुना, आणि बराचसा अन्यायाचा. घरची बाई लॉटरी लागल्यावर मुलाला घेऊन बहिणीकडे गेली आहे. नवरा आणि शेजारी दोघंही कूजोने आधीच मारले आहेत. डोनाचा नवरा कामासाठी परगावी. पोलिसांचा संशय तिच्या प्रियकरावर, म्हणून ते भलत्याच दिशेला. पोस्टमनचं उत्तर कादंबरीत आहे: गॅरेजवाल्या जो (Joe) कॅम्बरला सहलीला जायचं होतं, म्हणून त्याने आपली टपाल पोचवणी थांबवून ठेवायला सांगितलेली असते.

किंगने एकेक दार फार काळजीपूर्वक बंद केलं होतं. चित्रपट दीड तासाचा. त्यातल्या काही कड्या तो लावतो, काहींवरून भरभर निघून जातो. म्हणून ज्याने फक्त चित्रपट पाहिला त्याला योगायोग जास्त वाटतात.

१३. डोनाला कुत्रा चावतो, तरी शेवटी तिला रेबीज होत नाही. विसरले का?

चित्रपट थांबतो तेव्हा चाव्याला फार तर दोनेक दिवस झालेत. रेबीजला लागणारा वेळ प्रश्न ११ मध्ये दिला आहे. वेळेवर लस मिळाली तर माणूस वाचतो. कादंबरीत डोनावर तसे उपचार होतात. चित्रपट नवरा पोचल्याच्या क्षणाला चित्र गोठवून संपतो, त्यामुळे दवाखाना दाखवायला जागाच उरत नाही.

बॅटची शंकाही इथेच. बेसबॉलची बॅट मोडते, तिचं तुटलेलं टोक कुत्र्यात घुसतं, तो मेला असं वाटतं, आणि मग तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून परत आत येतो. ‘मेलेला कुत्रा उठला, चूक!’ असं लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं की तो मेला असं चित्रपटाने कुठेही म्हटलेलं नाही. भयपटात शत्रू एकदाच मरत नसतो.

१४. पुस्तकात टॅड मरतो, चित्रपटात वाचतो. मग खरं काय?

दोन्ही आपापल्या जागी. कादंबरीत मदत पोचते तोवर उशीर झालेला असतो. चित्रपटात डोना मुलाला आत नेऊन त्याच्या तोंडात श्वास भरते आणि तो परततो. माध्यम बदलताना केलेला बदल ही चूक नसते, ती निवड असते. मला कादंबरीचा शेवट जास्त खरा वाटतो. पण गाडीत इतका वेळ त्या मुलाची तडफड प्रत्यक्ष बघितल्यावर त्याला मारणं प्रेक्षकाला सोसलं नसतं, हेही मान्य.

किंगने २०२४ साली ‘रॅटलस्नेक्स’ या दीर्घकथेत टॅडच्या बापाला, व्हिक ट्रेंटनला, म्हातारपणी पुन्हा गाठलं आहे. ती कथा कादंबरीचा शेवट धरून चालते. चित्रपटच पाहून ती वाचायला घेणारे पहिल्या पानांतच चक्रावतात, आणि आम्हाला कळवतात की किंगकडूनच चूक झाली.

१५. टॅडच्या कपाटातला राक्षस सुरुवातीला दाखवलाय, पुढे त्याचं काहीच होत नाही. का?

हे कादंबरीचं उरलेलं हाड आहे. पुस्तकाची सुरुवात फ्रँक डॉड या गावातल्या खुन्याच्या आठवणीने होते, आणि त्याची सावली कपाटात, मग कुत्र्यात उतरली असावी अशी कुजबुज शेवटपर्यंत चालू राहते. चित्रपटाने डॉड वगळला, कपाट ठेवलं. त्यामुळे ते दृश्य लोंबकळत राहतं. ही शॉटच्या सांध्यातली चूक नव्हे, पटकथेच्या सांध्यातली आहे, आणि माझ्या हिशेबी फेसापेक्षा कितीतरी मोठी.

१६. शेरिफ बॅनरमन इथे कुत्र्याच्या तावडीत मरतो. मग ‘द डेड झोन’मध्ये जिवंत कसा, तोही वेगळ्याच चेहऱ्याने?

दोन्ही चित्रपट १९८३ सालचे. ‘कूजो’ ऑगस्टमध्ये आला, ‘द डेड झोन’ ऑक्टोबरमध्ये. इथे बॅनरमन सँडी वॉर्ड, तिथे टॉम स्केरिट. किंगच्या पुस्तकांत ‘डेड झोन’ची गोष्ट आधी घडते आणि ‘कूजो’ची नंतर, म्हणजे कथेचा क्रम नीट आहे, फक्त चित्रपट उलट्या क्रमाने आले. निर्माते वेगळे, दिग्दर्शक वेगळे. त्यांनी एकमेकांशी जुळवून घेण्याचं काही कारण नव्हतं.

१७. दिग्दर्शक मध्येच बदलला म्हणून या चुका झाल्या, असं वाचलं. बरोबर?

सुरुवात पीटर मेडाकने केली होती आणि चित्रीकरण सुरू होताच तो बाहेर पडला. त्याच्या जागी टीग आला, छायालेखकही बदलला. पण हे इतक्या लवकर झालं की पडद्यावर दिसणाऱ्या विसंगतींचं खापर त्यावर फोडता येत नाही. अनेक कुत्रे, उघडं अंगण आणि लबाड ऋतू एवढं कारण पुरेसं आहे.

१८. माझ्या जुन्या कॉपीत वर माईक दिसतो. नवीन कॉपीत दिसत नाही. कापला का?

उलट आहे. चित्रपटगृहात चौकटीचा वरचा आणि खालचा भाग झाकून चित्र रुंद दाखवतात. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कॉपी काढताना तो झाकण्याचा भाग बऱ्याचदा उघडा ठेवत, आणि जे कधी दिसायचंच नव्हतं ते दिसे: माईक, दिव्यांचे स्टँड, रूळ. तेव्हा अशी चूक कळवण्याआधी कॉपी कोणती ते बघा. जी गोष्ट फक्त चौकोनी कॉपीत दिसते ती कॉपी काढणाऱ्याच्या खात्यावर.

१९. सेटवर कंटिन्युइटी बघायला माणूस असतो ना? मग तो करत काय होता?

असतो, आणि त्याचं काम भयंकर किचकट असतं. प्रत्येक टेकला कोणता हात वर होता, कोणतं बटण उघडं होतं, वाक्य कुठल्या शब्दावर तुटलं याची वही. त्या काळी जोडीला पोलरॉइडचे झटपट फोटो. आता मोबाइल आहे, म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं.

कूजोसारख्या चित्रपटात आणखी एक गुंता असतो. दृश्यं कथेच्या क्रमाने घेत नाहीत. आज शेवटचा, रक्ताळलेला कुत्रा आणि उद्या आजाराचा पहिला दिवस. म्हणून आजाराच्या पायऱ्या ठरवून प्रत्येक दृश्य कोणत्या पायरीवर आहे याचा तक्ता लागतो. पायऱ्यांचा तो क्रम या चित्रपटात चांगला सांभाळला आहे. धुक्यात घरचा मुलगा ब्रेट आणि कूजो समोरासमोर येतात ते दृश्य पुन्हा बघा. कुत्रा पूर्ण बिघडलेला नाही, पण आपलाही राहिलेला नाही. नेमकी मधली पायरी.

माणसाने चूक टिपलेली असते, तरी ती चित्रपटात राहते. का, ते पुढच्या उत्तरात.

२०. संकलकाला चूक दिसली असेल तर त्याने ती का ठेवली?

कारण त्याच्याकडचा दुसरा तुकडा जुळणारा पण मेलेला होता. संकलक वॉल्टर मर्च याने कट कुठे करावा याचे सहा निकष मांडले आणि प्रत्येकाला वजन दिलं आहे: भावना ५१ टक्के, कथा २३, लय १०, प्रेक्षकाची नजर कुठे आहे ते ७, पडद्याच्या सपाट पृष्ठभागाचं भान ५, आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष जागेतली सलगता, ४ टक्के. मर्चचा या चित्रपटाशी संबंध नाही. पण नील ट्रॅव्हिसने केलेले कट याच हिशेबाने समजतात. डी वॉलेसच्या चेहऱ्यावर खरी दहशत असलेला टेक आणि खिडकीची काच जुळणारा टेक यांत निवड करायची असेल, तर काच हरणारच. त्या भूमिकेची स्वतः किंगने वाखाणणी केली आहे. ट्रॅव्हिसला पुढे ‘डान्सेस विथ वुल्व्ज’च्या संकलनासाठी ऑस्कर मिळालं, म्हणजे माणूस कच्चा नव्हता.

२१. मग कोणती चूक मोठी आणि कोणती किरकोळ, हे कसं ठरवायचं?

मी एकच कसोटी लावतो: या बदलामुळे मला वेळ, जागा किंवा धोका चुकीचा कळला का? कुत्रा नेमका कुठल्या बाजूला आहे हेच कळेनासं झालं, तर भीती पातळ होते; ती मोठी चूक. सकाळ-दुपारचा गोंधळ मध्यम, कारण मुलगा किती वेळ पाण्यावाचून आहे याचा अंदाज त्यावर चालतो. फेस, चिखलाचे डाग, केसांची बट हे किरकोळ. ती शोधायला मजा येते, पण त्यावरून चित्रपट वाईट ठरवू नये.

शोधायचंच असेल तर पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. गुरगुर आणि भुंकणं बरंचसं नंतर चढवलेलं असतं, कारण सेटवर प्रशिक्षकाच्या हाकाच ध्वनिफितीत जातात. आवाज गेला की भीती जाते आणि सांधे दिसायला लागतात.

२२. ‘कॅट्स आय’च्या सुरुवातीला मांजरामागे लागलेला चिखलातला सेंट बर्नार्ड म्हणजे कूजोच का? तो तर मेला होता!

होय, इशारा त्याच्याकडेच आहे. १९८५चा ‘कॅट्स आय’ टीगनेच दिग्दर्शित केला, आणि पटकथा किंगची. कुत्र्यापाठोपाठ तिथे किंगच्या ‘क्रिस्टीन’मधली लाल मोटारही येते. ही ओळखीच्यांना मारलेली चापटी आहे. कूजो जिवंत असल्याचा पुरावा म्हणून ती पाठवू नये.